आडवी दरी

अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात कोलोरॅडो नदीने दीड किलोमीटरहून खोल दरी कोरली आहे, तीच ग्रँड कॅन्यन. तिथल्या एका सुळक्याचं नाव आहे ‘रामा श्राइन’. दुसऱ्याचं ‘विष्णू टेम्पल’, आणि त्यावरूनच दरीच्या तळच्या काळपट खडकाला ‘विष्णू शिस्ट’ म्हणतात. शिखरांना पूर्वेकडच्या देवांची नावं देण्याची टूम क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात काढली. नागपूरकराला रामाच्या टेकडीवर जायला मात्र पन्नासेक किलोमीटर गाडी चालवली की पुरे. त्या रस्त्याखालीही एक दरीच आहे, पण आडवी. तिथे नदीने खोल चिरून दाखवलेला काळ इथे सीताबर्डीपासून रामटेकपर्यंत एकापुढे एक मांडलेला आहे.

अडचण एवढीच की तो दिसत नाही. ॲरिझोनाच्या वाळवंटात माती नाही, झाडी नाही. गाडीतून जाणाराही बोट दाखवून थर मोजतो. इथे वर काळी माती, तिच्यावर पिकं आणि पुढे सागाचं जंगल. खडक भेटतो तो विहिरीच्या कडेला, नाल्याच्या काठावर, दगडखाणीत किंवा रस्त्यासाठी कापलेल्या टेकाडात. म्हणून या रस्त्यावर गाडी मधूनमधून थांबवावी लागते.

सुरुवात सीताबर्डीच्या किल्ल्यापासून. इंग्रज-भोसल्यांची १८१७ची लढाई जिच्यावर झाली, ती ही टेकडी बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची. सह्याद्री ज्या दगडाचा, तोच हा. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. मुंबईपासून पसरत आलेली ही काळी चादर या दिशेला नागपूर शहरातच विरते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेले गोड्या पाण्यातले शंखशिंपले इथे स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने शोधले. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये इथे तळी साचली होती, त्यांत जीव नांदत होते.

कामठीला पोचेपर्यंत आपण पंचवीस कोटी वर्षं मागे गेलेलो असतो. भूशास्त्रात ‘कामठी’ हे छावणीच्या गावाचं नाव नाही, एका खडकाचं आहे: नद्यांनी आणून टाकलेला तांबूस-पिवळा वालुकाश्म. त्यात जिभेच्या आकाराची पानं सापडतात, ग्लॉसोप्टेरिस या लोप पावलेल्या वनस्पतीची. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात गारठून मेले, तेव्हा त्यांच्यापाशी जवळजवळ सोळा किलो दगड होते. जीव जात असतानाही ते त्यांनी फेकले नव्हते. त्या दगडांतही हीच पानं होती. कामठी आणि अंटार्क्टिका एकेकाळी एकाच भूखंडाचे, गोंडवनाचे, भाग होते, याचा हा पुरावा. कन्हान काठच्या कोळशाच्या खाणीही याच गोंडवन कुटुंबातल्या, थोड्या आणखी जुन्या.

कन्हानचा पूल ओलांडून मनसरच्या अंगाने निघालं की काळाच्या पुस्तकातली मधली पानं फाटलेली असतात. पुढचा खडक एकदम शंभर कोटी वर्षांच्या पलीकडचा. मधल्या काळात इथे काही साचलं असेल तर ते झिजून वाहून गेलं. ग्रँड कॅन्यनमध्येही असंच मोठं खिंडार आहे.

मनसरला मात्र घाई करू नये. इथली जमीन एकेकाळी समुद्राचा तळ होती. पाण्यात विरघळलेलं मँगनीज प्राणवायूशी भेट झाली की काळं होऊन खाली बसतं. काही गावांत बोअरच्या पाण्याने भांड्यांवर काळपट डाग पडतात, तीच क्रिया. समुद्रतळावर चिखल आणि वाळूच्या जोडीने अशी काळी साय साचली. मग सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी उत्तरेचं आणि दक्षिणेचं भूकवच एकमेकांवर रेटलं गेलं. ही साठवण खोल गाडली गेली, भाजली, घडीवर घडी पडत चुरगळली. म्हणूनच मँगनीजचा तोच पट्टा इथे लपतो आणि पलीकडे पुन्हा डोकं काढतो. भाजताना मँगनीज आणि वाळूतून एक नवा दगड बनला, नारिंगी तामडा आणि गार यांचा. भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी त्याला या मुलखातल्या गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हटलं. त्यांचा मँगनीजवरचा भलामोठा ग्रंथ १९०९चा. मनसर, कांद्रीच्या खाणी आज मॉइल ही कंपनी चालवते. हे काळं, हाताला जड लागणारं खनिज पोलादात पडलं नाही, तर गंधकामुळे तापलेलं पोलाद लाटताना तडकतं.

रामटेकची टेकडी याच कुटुंबातली, पण स्वभाव वेगळा. ती मुख्यतः क्वार्टझाइटची: समुद्रकाठची वाळू भाजून इतकी एकजीव झाली की चाकूनेही ओरखडा उठत नाही. भोवतालचे मऊ शिस्ट पावसाने झिजले. ही घोड्याच्या नालेसारखी उभी राहिली, कुशीत अंबाळा तलाव घेऊन. वाकाटकांनी देवळांसाठी ही जागा निवडली आणि संशोधक मिराशींनी कालिदासाचा रामगिरी इथे शोधला, त्याच्या मुळाशी हा चिवटपणाच आहे. सिंदूरगिरी हे टेकडीचं जुनं नाव. फोडलेला दगड तांबडा दिसतो, म्हणून.

मनसरला परत येऊन महामार्गाने देवलापारकडे वळलं, की या खडकांच्या गटाची नावं एसटीच्या पाटीवरच्या गावांसारखी आठवतात: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवानी, बिचुआ. थरांना गावांचीच नावं दिलेली आहेत. चोरबाहुली तर याच रस्त्यावर लागतं, पेंचच्या जंगलाला लागून. इथे महामार्ग खांबांवर उचलून धरला आहे. वर ट्रक धावतात, आणि खालून, त्याच शंभर कोटी वर्षांच्या जमिनीवरून, रात्री वाघ रस्ता ओलांडतात.