सात दिवसांच्याच गोळ्या का? नैराश्यावरील त्रिवलयी औषधे आणि घरातील दक्षता

आमच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागाच्या औषध-खिडकीवर एक प्रश्न वर्षभर विचारला जातो. "डॉक्टरांनी गोळी कित्येक महिने घ्यावयास सांगितली आहे, मग आपण एका वेळी सातच दिवसांच्या का देता?" दर आठवड्याचे एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरी सोसणाऱ्या कुटुंबाने हे विचारणे स्वाभाविक आहे. काही देणगीदारांनीही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडला. औषध स्वस्त आहे, निधी उपलब्ध आहे, तर महिनाभराचा साठा देऊन रुग्णांच्या येरझाऱ्या का वाचवू नयेत? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

औषधाची ओळख

अमिट्रिप्टिलीन, नॉरट्रिप्टिलीन, इमिप्रामीन, क्लोमिप्रामीन ही ट्रायसायक्लिक, म्हणजेच त्रिवलयी गटातील औषधे होत. त्यांच्या रेणूच्या रचनेत तीन वलये असतात, त्यावरून हे नाव पडले. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगन येथील मनोरुग्णालयात डॉ. रोलंड कून यांना १९५६ साली इमिप्रामीनमुळे नैराश्याचे रुग्ण सुधारत असल्याचे आढळले व १९५७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. मेंदूतील पेशींमध्ये निरोप पोहोचविणारी सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायने लगेच शोषली जाऊ नयेत, अशी व्यवस्था ही औषधे करतात.

आज नैराश्यासाठी प्रथम सहसा नव्या पिढीतील, तुलनेने निर्धोक औषधे दिली जातात. तथापि त्यांचा गुण न आलेल्या रुग्णांसाठी त्रिवलयी औषधांचे महत्त्व कायम आहे. शिवाय मधुमेहामुळे होणारी पायांची जळजळ, अर्धशिशी व जुनाट वेदना यांवरही ती अल्प मात्रेत उपयोगी पडतात. त्यामुळे आजीच्या चिठ्ठीवर अमिट्रिप्टिलीनचे नाव दिसले म्हणून घरच्यांनी घाबरून जाऊ नये, तसेच ती 'साधी झोपेची गोळी' आहे असेही समजू नये.

आधी त्रास, मग गुण

या औषधाचा गुण दिसू लागण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठता, अंधुक दिसणे, गुंगी येणे, उभे राहताच भोवळ येणे हे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवू लागतात. यामुळे अनेक रुग्ण दुसऱ्या आठवड्यातच "गोळी मानवत नाही" म्हणून औषध सोडतात. मात्रा अल्प ठेवून हळूहळू वाढविली जाते ती याच कारणासाठी, आणि आठवड्याच्या भेटीत आम्ही प्रथम याच त्रासांची विचारपूस करतो.

बहुतेक त्रास काही दिवसांत सौम्य होतात. वरचेवर घोटभर पाणी प्यावे, आहारात पालेभाज्या व फळे असावीत, अंथरुणातून उठताना आधी क्षणभर बसून मगच उभे राहावे. वृद्धांच्या बाबतीत ही शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे, कारण रात्री लघवीला उठताना पडून मांडीचे हाड मोडण्याचा धोका असतो. गुंगी येत असेतो दुचाकी चालवू नये, विळा-कोयत्याची वा यंत्रावरची कामे टाळावीत. मद्य पूर्ण वर्ज्य समजावे. या औषधाने घाम कमी येत असल्याने उन्हाळ्यात भर दुपारी शेतात राबणाऱ्यांनी विशेष जपावे. लघवी अडणे, डोळा तीव्र दुखणे, छातीत धडधडणे, बेशुद्ध पडणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढील तारखेची वाट न पाहता तात्काळ रुग्णालयात यावे.

साठा हाच धोका

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही औषधे मेंदूबरोबरच हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणाऱ्या विद्युत्प्रवाहावरही परिणाम करतात. गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांतील अंतर या गटात फार थोडे आहे. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ शकतात. काही वेळा उपचाराच्या आरंभी हातापायांत हुशारी आधी येते आणि मनातील निराशा मागाहून ओसरते. २५ वर्षांखालील रुग्णांमध्ये सुरुवातीच्या काळात व मात्रा बदलताना असे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवावे लागते. ज्या आठवड्यांत रुग्ण सर्वांत हळवा असतो, त्याच आठवड्यांत महिनाभराच्या गोळ्या त्याच्या उशाशी ठेवणे आम्हास उचित वाटत नाही. सात दिवसांची पुडी हा हिशेबाचा वा कागदपत्रांचा नियम नसून उपचाराचाच भाग आहे. रुग्णाला स्थैर्य आल्यावर आम्ही पंधरा दिवसांच्या व पुढे महिन्याच्या गोळ्या देतो.

हीच दक्षता घरीही हवी. गोळ्या घरातील एका जबाबदार व्यक्तीने कुलपात ठेवाव्यात व रोजची मात्रा आपल्या हाताने द्यावी. यात रुग्णावर अविश्वास नाही. "तुझी काळजी वाटते म्हणून" एवढे सांगितले, तर बहुतेक रुग्ण ते समजून घेतात. देव्हाऱ्याचा कोनाडा, फ्रिजचा माथा, आजीचा बटवा या जागा लहान मुलांच्या हाताला सहज लागतात, आणि लहान मुलाच्या पोटात एक-दोन गोळ्या गेल्या तरी ती आणीबाणीच समजावी. उरलेल्या गोळ्या आमच्या खिडकीवर परत आणून द्याव्यात. झोप येत नाही म्हणून त्या शेजाऱ्यास देऊ नयेत.

डॉक्टरांपासून काय लपवू नये

पूर्वी हृदयविकाराचा झटका, ठोक्यांची अनियमितता, काचबिंदू, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, फिट्स किंवा यकृताचा आजार झाला असल्यास पहिल्या भेटीतच सांगावे. रुग्णास किंवा रक्ताच्या नात्यातील कोणास अतिउत्साहाचे झटके येत असल्यास तेही सांगावे, कारण अशा रुग्णात ही गोळी उन्माद उफाळून आणू शकते. वृद्ध व हृदयरोगी यांचा ईसीजी औषधापूर्वी काढला जातो. वेदनेसाठी दिले जाणारे ट्रॅमाडॉल, जंतुसंसर्गावरील लिनेझोलिड, नैराश्यावरील अन्य औषधे आणि सर्दीची काही औषधे यांच्याशी त्रिवलयी औषधांचे पटत नाही. म्हणून दुसऱ्या दवाखान्यात वा औषधाच्या दुकानात जाताना आमची चिठ्ठी सोबत न्यावी. गर्भवती वा स्तनदा मातांनी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.

एखादी गोळी चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण सहा महिने किंवा अधिक काळ औषध चालू ठेवावे लागते. या औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र ती एकाएकी सोडल्यास मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता व निद्रानाश होतो, म्हणून ती काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने थांबवावी लागतात.

जादा गोळ्या घेतल्या गेल्यास

रुग्ण बरा दिसत असला तरी थांबू नये, कारण काही तासांतच प्रकृती झपाट्याने ढासळू शकते. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याची आपल्याकडील रीत येथे घातक आहे. गुंगीतील रुग्णाच्या फुफ्फुसात ओकारी जाऊ शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत आणावीत. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे मौल्यवान वेळ घालवितात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली असल्याचे मानले जाते आणि तिच्या शुश्रूषेचे कर्तव्य शासनावर आहे. मनात निराशेचे विचार येत असतील, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

देणगीदारांना आमची विनंती एवढीच आहे की, महिन्याच्या गोळ्यांचा खर्च उचलण्याऐवजी दर आठवड्याला येणाऱ्या रुग्णाचे व सोबत्याचे एस.टी.चे भाडे आणि ईसीजीचा खर्च यांकडे आपल्या देणगीचा ओघ वळावा. नातेवाइकांना विनंती आहे की, आठवड्याची खेप चुकवू नये. त्या भेटीत गोळ्यांची पुडी मिळते, आणि "या आठवड्यात कसे वाटले?" असे रुग्णाला समोर बसवून विचारणारे कोणीतरी भेटते. उपचारात पुडीइतकेच या प्रश्नाचेही मोल आहे.