आल्फ्रिस्टनचे क्लर्जी हाउस : मध्ययुगीन इंग्लिश लाकडी घराची रचना व जतन

प्रस्तावना

इंग्लंडच्या ससेक्स प्रांतात, ककमिअर नदीकाठच्या आल्फ्रिस्टन गावी इ. स. १४०० च्या सुमारास बांधलेले एक गवती छपराचे घर आहे. ते 'क्लर्जी हाउस' या नावाने ओळखले जाते. १८९६ मध्ये नॅशनल ट्रस्टने ते दहा पौंडांना विकत घेतले. या संस्थेने खरेदी केलेली ही पहिली इमारत होय. असे साधे घर इतकी शतके कसे टिकले आणि त्याच्या जतनासाठी कोणती दृष्टी आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घराची मांडणी

हे घर आग्नेय इंग्लंडमधील 'वील्डन' प्रकारात मोडते. अशा घरात मधोमध छपरापर्यंत उघडे असलेले दालन आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दुमजली खोल्या असतात. खोल्यांचे वरचे मजले पुढे काढलेले असल्याने मधले दालन आत सरकल्यासारखे दिसते. छप्पर मात्र सलग असते. दालनासमोरील वळचणीची तुळई वक्र टेकूंवर पेललेली असते. दालनाच्या मध्यभागी शेकोटी पेटत असे. धुराडे नसल्यामुळे धूर छपरातून बाहेर पडे. वाशांवरील काजळी हा दालन मुळात उघडे असल्याचा पुरावा मानला जातो. येथील जमीन खडूसारखा पांढरा दगड कुटून केलेली असून ती आंबट दुधाने पक्की केली आहे.

सांगाडा आणि भिंती

अशा घरांचा सर्व भार ओकच्या खांबांवर व तुळयांवर असतो. लाकूड ओले असतानाच घडवीत. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यातून लाकडी खुंटी ठोकीत. खांबांमधील जागा कुडाने भरीत. म्हणजे काठ्यांच्या विणीवर माती, शेण व पेंढा यांचा गिलावा देत. कूड भार पेलत नसल्याने तो पडला तरी घर पडत नाही. सांगाड्याचा कुजलेला भागही तेवढाच कापून तेथे नवे लाकूड जोडता येते.

जतनाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे घर मोडकळीस आले होते. खरेदीनंतर वास्तुविशारद आल्फ्रेड पॉवेल यांनी त्याची दुरुस्ती केली. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तुसंरक्षण संस्थेची भूमिका अशी होती, की जुने शक्य तितके राखावे आणि अटकळीने 'मूळ रूप' निर्माण करू नये. विसाव्या शतकात अनेक लाकडी घरांना सिमेंटचा गिलावा देण्यात आला. त्यामुळे ओलावा आत कोंडून ओक कुजू लागले. चुन्याच्या गिलाव्यातून मात्र ओलावा बाहेर पडू शकतो.

समारोप

या घराचे दीर्घायुष्य केवळ लाकडाच्या कठीणपणात नाही. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे दुरुस्त करता येण्यात आहे. म्हणून जतन म्हणजे त्याच पद्धतीने अखंड चालू ठेवलेली दुरुस्ती होय. ती थांबली, किंवा विसंगत साहित्याने केली गेली, तर शतकानुशतके टिकलेला सांगाडाही थोड्या वर्षांत नष्ट होऊ शकतो.