सही करण्याआधी कागद वाचा
(रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही अँटॉप हिलहून बोलतोय. सायन आणि वडाळ्याच्या मधला हा आमचा भाग. इथल्या वस्तीत आमचा बचत गट आहे. आमच्यातल्या निम्म्या जणींचं माहेर नाहीतर सासर गावाकडचं, कुणी साताऱ्याची, कुणी रत्नागिरीची, कुणी जालन्याची. त्यामुळे गावातल्या ग्रामपंचायतीचं राजकारण आम्हाला फोनवरून कळतं आणि इथल्या पालिकेचं दारातून कळतं. दोन्हीकडे भांडणं सारखीच, नावं तेवढी वेगळी.

आजचा विषय तोच आहे. निवडून आलेले लोक आणि अधिकारी एकमेकांविरुद्ध तक्रारी करतात. कधी ती तक्रार खरी असते. कधी ती नुसती एकमेकांना पाडायची काठी असते. आणि दोन्ही वेळेला त्या कागदाखाली सह्या हव्या असतात बायकांच्या. कारण बचत गटाकडे एका हाकेला दहा-बारा सह्या मिळतात. म्हणून हे समजून घेऊ.

आधी आमची चूक सांगतो

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीत पाणी पहाटे यायचं आणि अर्ध्या तासात जायचं. वस्तीत दोन पुढारी. एकाच पक्षात वाढलेले, मग फाटलेले. नळाचं काम आपण केलं असा बोर्ड कुणाच्या नावाने लागणार, यावर त्यांचं जुंपलेलं. एका संध्याकाळी त्यातल्या एका भाऊंचा माणूस आमच्या बैठकीत आला. म्हणाला, "ताई, पाण्याचा अर्ज आहे, सगळ्यांनी सह्या करा." आम्ही हप्ते मोजत होतो. दोन कोरे कागद पुढे आले, आम्ही अकरा जणींनी सह्या केल्या. दोघींनी अंगठे दिले.

पंधरा दिवसांनी एक इंजिनिअर वस्तीत आले. त्यांच्या हातात आमच्या सह्यांच्या अर्जाची झेरॉक्स होती. वरती लिहिलेलं होतं की नळजोडणीसाठी या साहेबांनी आम्हा प्रत्येकीकडून पैसे घेतले. साहेब शांतपणे म्हणाले, "तुमच्यापैकी कुणी मला पैसे दिले, ते सांगा." कुणीच दिले नव्हते. त्यांना आम्ही तोंडानेसुद्धा ओळखत नव्हतो. ते साहेब दुसऱ्या पुढाऱ्याच्या जवळचे समजले जात, एवढंच काय ते.

त्या दिवशी आम्ही खाली मान घालून बसलो. आणि रात्री गटात भांडण झालं. काही जणी म्हणाल्या, लेखी देऊन टाकू की पैशाचं खोटं आहे. काही म्हणाल्या, भाऊ चिडले तर उद्या रेशनच्या कामाला कोण उभं राहील? एकीच्या नवऱ्याला भाऊंमुळेच काम मिळालेलं होतं. तिचं काय करायचं, याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हे भांडण मुळात होतं कशावरून, ते पाहू.

कुणाच्या हातात काय असतं?

पालिकेत आणि पंचायतीत दोन तऱ्हेची माणसं असतात. एक निवडून आलेली. नगरसेवक, महापौर, सरपंच, पंच. ती ठराव करतात, काम मागतात, खर्चाला मंजुरी देतात. दुसरी नेमलेली. आयुक्त, इंजिनिअर, ग्रामपंचायत अधिकारी, गटविकास अधिकारी. ती अंमल करतात, सही करतात, बिल काढतात. मुंबईत हे १८८८ च्या महापालिका कायद्याने ठरलेलं आहे. तिथे अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे असतो आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. म्हणजे घरात पैशाला मंजुरी देणारी सासू एक आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्या जावेकडे. अशा घरात कुरबुर होणारच. ती कुरबुर वाईटच असते असंही नाही. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणूनच अशी रचना केलेली आहे.

मुंबईने तर एक वेगळाच काळ पाहिला. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नाहीत, सगळा कारभार प्रशासकाकडे. तेव्हा आमच्या बायका म्हणायच्या, तक्रार घेऊन जायचं तरी कुणाकडे? भांडायला का होईना, दोन बाजू असलेल्या बऱ्या, हे आम्हाला त्या चार वर्षांत कळलं.

दोन गाजलेली उदाहरणं

जुन्या बायकांना गो. रा. खैरनार आठवत असतील. मुंबई महापालिकेचे उपायुक्त. अनधिकृत बांधकामं पाडण्यात कुणाची भीड न ठेवणारे म्हणून त्यांचं नाव घरोघरी होतं. १९९४ मध्ये त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांच्यावर जाहीर आरोप केले आणि आपल्याकडे ट्रकभर पुरावे आहेत असं सांगितलं. लोक सभांना गर्दी करू लागले. सरकारी नोकरीत राहून असं जाहीर बोलल्यावरून त्यांना निलंबित केलं गेलं. पण ट्रकभर पुरावे काही लोकांपुढे आले नाहीत आणि आरोप कोर्टात सिद्ध झाले नाहीत. आज तीस वर्षांनी लोकांच्या तोंडी 'ट्रकभर पुरावे' हा शब्द राहिलाय, तोही थट्टेने. खैरनारांचा धाडसीपणा खरा होता. पण एक पक्का कागद हातात असेल तर तो ट्रकभर बोलण्यापेक्षा जड भरतो, हे त्यातून आपण घ्यायचं.

दुसरं उदाहरण खाडीपलीकडचं, नवी मुंबईचं. २०१६ मध्ये तुकाराम मुंढे तिथे आयुक्त झाले. अनधिकृत बांधकामं, कामचुकार कर्मचारी यांच्यावर त्यांनी कारवाई सुरू केली. सकाळी नागरिकांबरोबर चालत चालत तक्रारी ऐकायचे. नगरसेवकांचं म्हणणं, हे आम्हाला विचारत नाहीत, आमचा मान ठेवत नाहीत. २५ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्यावर अविश्वास ठराव आला. १०५ मतं ठरावाच्या बाजूने पडली, विरोधात फक्त ६. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका बाजूला बसले. तरी सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही. बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये.

यात बरोबर कोण? आम्ही गटात यावर तासभर बोललो. एक ताई म्हणाली, साहेब कडक होते, चांगले होते. दुसरी म्हणाली, निवडून दिलेल्या माणसाला साहेबाने विचारायचंच नाही, तर आपण मत कशाला द्यायचं? दोघींचंही खरं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. 'मला विचारत नाही' ही मानापानाची तक्रार झाली. 'याने पैसे खाल्ले' ही भ्रष्टाचाराची तक्रार झाली. ही दोन्ही वेगवेगळी आहेत. पहिलीला दुसरीचा पदर नेसवून कुणी तुमच्याकडे आलं, तर सावध व्हा.

तक्रारीची काठी बाईच्या पाठीवर

आता हे उदाहरण आपल्या काळजाजवळचं. जळगाव जिल्ह्यातलं विचखेडा गाव. तिथे एक बाई सरपंच म्हणून निवडून आल्या. काही गावकऱ्यांनी तक्रार केली की त्या सासूबरोबर सरकारी जागेवर बांधलेल्या घरात राहतात, म्हणून त्यांना अपात्र ठरवा. सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा माणूस पंचायतीत बसू शकत नाही, हा नियम खरा आहे आणि चांगलाही आहे. बाईंचं म्हणणं, मी त्या घरात राहतच नाही, नवरा-मुलांबरोबर वेगळी भाड्याने राहते. तरी जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांनी ते कायम केलं. उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं पद परत दिलं. न्यायालय काय म्हणालं? एक बाई सरपंच झाली आणि तिचं ऐकून चालावं लागणार, हेच गावकऱ्यांच्या पचनी पडलेलं दिसत नाही. आणि निवडून आलेल्या माणसाला काढणं ही हलक्यात घेण्याची गोष्ट नाही.

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. नियम चांगला असला तरी तो चुकीच्या हातात काठी होतो. ती बाई दिल्लीपर्यंत लढू शकली. प्रत्येकीला ते जमणार नाही. म्हणून तशा अर्जावर आपली सही आहे का, हे आपण पाहायचं.

थेट निवडून आलेल्या सरपंचांना मात्र कायद्याचा थोडा आधार आहे. पहिली दोन वर्षं त्यांच्यावर अविश्वास ठराव आणता येत नाही. नंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर केला, तरी ग्रामसभेत गुप्त मतदान व्हावं लागतं. म्हणजे शेवटचा शब्द तुमचा. त्या ग्रामसभेला घरात बसू नका.

खरी तक्रार असेल तर कुठे जायचं?

एवढं ऐकून कुणाला वाटेल, मग तक्रारच नको. तसं मुळीच नाही. पैसे खाल्ले असतील, काम कागदावरच झालं असेल, तर गप्प बसू नका. फक्त योग्य दार ठोठावा.

आधी माहिती मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तोही खर्च नाही. माहिती का हवी, हे सांगावं लागत नाही. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं, नाही मिळालं तर अपील करायचं. कामाचा अंदाज किती, बिल किती निघालं, कुणाच्या सहीने निघालं, एवढं मागितलं तरी निम्मी अफवा गळून पडते आणि उरलेली निम्मी पुरावा होते.

कुणी लाच मागत असेल, तर पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. ते सापळा लावतात. नाइलाजाने पैसे द्यावे लागलेच, तर सात दिवसांच्या आत कळवा. म्हणजे देणारी म्हणून गुन्हा तुमच्यावर येत नाही.

गावात सरपंचाने किंवा सदस्याने गैरवर्तन केलं, तर गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे लेखी द्या. चौकशी त्यांच्याकडून होते, पदावरून काढण्याचा निर्णय विभागीय आयुक्त देतात.

अधिकाऱ्यांच्या कारभाराविरुद्ध लोकायुक्तांकडेही जाता येतं. आपल्या राज्यात हा कायदा १९७१ चा, कार्यालय मुंबईत मंत्रालयासमोर. तिथे साधी अन्यायाची तक्रार वेगळी आणि भ्रष्टाचाराचा आरोप वेगळा धरतात. आरोप करायचा तर शपथपत्र लागतं, म्हणजे लिहिलेलं खरं आहे अशी शपथ घ्यावी लागते. लोकायुक्त स्वतः शिक्षा देत नाहीत, सरकारला शिफारस करतात. तरी त्यांच्या चौकशीने फाईल हलते.

आणि कुठेही अर्ज द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.

आमच्या गटाचे नियम

त्या प्रसंगानंतर आम्ही गटाच्या वहीत काही गोष्टी लिहून ठेवल्या. कोऱ्या कागदावर सही नाही. अर्ज बैठकीत मोठ्याने वाचायचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दोनदा. मग तीन प्रश्न विचारायचे. यातलं कुणी स्वतः पाहिलं आहे का? तारीख, जागा, रक्कम लिहिली आहे का? आणि या माणसाची खुर्ची गेली तर ती कुणाला मिळणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागद आणणाऱ्या माणसाकडेच जात असेल, तर सही आठ दिवस थांबवायची. खरी तक्रार आठ दिवसांत शिळी होत नाही. ज्या बाईला सही करायची नाही, तिला कुणी कारण विचारायचं नाही.

आता राहिलेली गोष्ट. आम्ही लेखी दिलं. पाण्याची तक्रार खरी आहे, पैशाची खोटी आहे, सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या होत्या. त्या कागदावर नऊ सह्या झाल्या. ज्या ताईच्या नवऱ्याचं काम भाऊंकडे होतं, तिने केली नाही आणि आम्ही तिला आग्रह केला नाही. तरी तिने गट सोडला, तिच्या पाठोपाठ आणखी एकीने सोडला. भाऊ वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. पाण्याचं काम तीन महिने रखडलं. मग आम्ही फक्त पाण्याचा, तारखा आणि वेळा लिहिलेला नवा अर्ज दिला, पोच घेतली, दर पंधरा दिवसांनी विचारायला गेलो. आता पाणी दीड तास येतं. बोर्ड कुणाचाच लागला नाही.

पहिली ताई दोन वर्षांनी परत आली. म्हणाली, "तेव्हा तुम्ही मला सहीसाठी धरलं नाहीत, म्हणून आले." दुसरी अजून आलेली नाही. तिचं नाव आम्ही वहीतून खोडलेलं नाही.

तुमच्याकडे असा कागद आला, तर आधी मोठ्याने वाचा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.