तास अर्धे, हक्क पुरते

युट्रेक्ट (नेदरलँड्स) : इथल्या प्राथमिक शाळेत एकाच वर्गाला दोन बाई असणं काही नवलाचं नाही. सोमवार-मंगळवार एक शिकवते, उरलेले दिवस दुसरी. दोघींची वेतनश्रेणी एकच. पगार भरलेल्या तासांप्रमाणे. आपल्या बार्शीटाकळीत ‘पार्ट टाइम’ म्हटलं की तासिका तत्त्वावरचे सर आठवतात. तास झाला तर पैसे, दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत हात रिकामे.

डच लोक मुळातच उदार, असं कोणी समजू नये. बेकारी वाढली तेव्हा, 1982 मध्ये, वासेनार इथे मालक आणि कामगार संघटनांचा करार झाला. संघटनांनी पगारवाढीचा हट्ट सोडला, मालकांनी कामाचे तास कमी करून रोजगार वाटून द्यायचं मान्य केलं. त्यानंतर अर्धवेळ काम वाढत गेलं आणि बायका मोठ्या संख्येनं नोकरीत आल्या. मग कायदाही आला. तास कमी म्हणून कामगाराला दुजाभावानं वागवायला 1996 पासून मनाई आहे.

याचा अर्थ पगारपत्रकावर कळतो. कायद्यानं वर्षाची पगारी रजा आठवड्याच्या तासांच्या चौपट. 40 तासवाल्याला 160 तास, तर दुकानाच्या गल्ल्यावर 16 तास बसणाऱ्या मुलीला 64. वर्षाच्या पगारावर किमान 8 टक्के सुट्टीभत्ता दोघांनाही. 2024 पासून किमान वेतनही तासावर ठरतं. तास कमी-जास्त करून मागण्याचा हक्क 2000 सालचा. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला त्यातून सूट आहे. बाकी ठिकाणी दोन महिने आधी लेखी अर्ज करायचा. मालकानं मुदतीत उत्तर दिलं नाही, तर मागणी मंजूर धरली जाते! आपल्याकडे अर्ज आवक-जावकमध्येच मुरतो.

इथंही सगळं आलबेल नाही. पाळणाघर महाग, म्हणून तास कमी करते ती बहुतेक घरची बाईच. पुढे तिचं पेन्शनही त्याच मापानं कमी बसतं.

आपल्याकडचा घोळ वेगळाच आहे. अंगणवाडी सेविका पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाला मदत, पूर्वप्राथमिक शिक्षण असं सगळं सांभाळते, आणि तिला मिळतं मानधन. हे काम अर्धवेळ असल्याचा युक्तिवाद एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला आणि सेविका-मदतनीसांना 1972 च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं सांगितलं. म्हणजे काम पूर्णवेळाचं घ्यायचं आणि मोबदला देताना ते अर्धवेळ ठरवायचं, हे न्यायालयालाही पटलं नाही.

तास कमी तर पगार कमी, हे कोणालाही मान्य होईल. रजा, भत्ता आणि म्हातारपणाची सोयसुद्धा त्याच हिशोबानं द्यायला हवी. ती शून्यावर आणणं हा अन्याय आहे. आपल्या गावातल्या शाळा-कॉलेजांच्या संचालक मंडळांनी, दुकानदारांनी आणि दवाखानेवाल्यांनी निदान नेमणुकीचं पत्र आणि सुट्ट्यांचा पगार एवढ्यापासून तरी सुरुवात करावी.