हिवतापाने मागे ठेवलेले जनुक

शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांची उत्तर बाजू सातपुड्याला टेकलेली. तिथल्या पावरा आणि भिल्ल पाड्यांवर एक दुखणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. थंडी पडली की एखाद्या पोराचे हातपाय ठणकू लागतात, डोळे पिवळे दिसतात, चार पावले धावले तरी धाप लागते. पूर्वी अशा पोराला बडव्याकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाकडे न्यायचे. आजही काही घरांत आधी तोच रस्ता धरला जातो. कळ काही दिवसांनी ओसरते आणि पुन्हा उलटते. या दुखण्याचे नाव सिकलसेल.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशींची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. पुढे व्हर्नन इंग्राम यांनी नेमकी जागा शोधून काढली: बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बदल एवढासाच. पण प्राणवायू कमी पडला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी ताठरते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. पंडुरोग, कावीळ आणि हाडांतली कळ त्यातूनच येते.

इतके घातक जनुक निसर्गाने गाळून का टाकले नाही? अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून उत्तर दिले. हे जनुक आई किंवा बाप अशा एकाच बाजूने आले, तर मूल फक्त ‘वाहक’ होते आणि फाल्सिपेरम हिवतापाच्या जीवघेण्या तडाख्यातून बऱ्याचदा वाचते. सातपुड्याच्या रानातही हिवताप जुनाच. ज्या खोऱ्यांत त्याने लेकरे नेली, तिथे वाहक लेकरे तगली, त्यांचे संसार झाले आणि जनुक टिकले. त्यामुळे सिकलसेलला एखाद्या जमातीचा दोष म्हणणे साफ चूक आहे. विदर्भात तर हा आजार आदिवासींच्या पलीकडे इतर समाजांतही आढळतो.

भारतातल्या अनेक रुग्णांमध्ये गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते, म्हणून इथला आजार आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य मानला जातो. पण ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या मजुराला या सौम्यपणाचा भरवसा धरता येत नाही. पहाटेचा गारठा, दिवसभराची मेहनत, पोटात पाणी कमी; वेदनेचा झटका यायला एवढे पुरते.

हा आजार ओळखण्याची पहिली चाचणी साधी आहे. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब रसायनाच्या नळीत टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या, तर सिकलसेलचा संशय. मात्र माणूस रुग्ण की नुसता वाहक, हे या चाचणीत कळत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी करावी लागते.

खरी अडचण लग्नाच्या बोलणीत येते. मुलगी वाहक निघाली की सोयरीक मोडते, म्हणून घरचे अहवाल लपवतात. वाहक आणि निरोगी जोडप्याच्या मुलांना हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. ‘एक आजारी झाले, आता पुढची तीन चांगली’ हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच राहते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्याचा खर्च पाड्यावरच्या घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. इथल्या रुग्णासाठी आज हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, फॉलिक आम्ल, लसी, भरपूर पाणी आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी हाच आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणजे रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. ही माहिती पाड्यावर आशाताईंच्या तोंडून पोहोचली, तर ती लवकर पटते.