गरोदरपणी मूत्रपिंडाचे वाढलेले काम

सुरतेकडील आपल्या घरांत म्हैस गाभण असो वा सून गरोदर, आपण खाण्यापिण्याची काळजी घेतो. मूत्रपिंडांचा विचार मात्र क्वचितच होतो. म्हणून या वेळी त्याबद्दल आम्ही थोडे सांगतो.

पोटात जीव वाढू लागला की रक्त गाळण्याचे काम वाढते. यात रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकाचा हात आहे. १९२६ साली हिसॉ या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते गिनीपिगवरील प्रयोगांतून दाखवून दिले. प्रसूतीपूर्वी कटीचे सांधे सैल करणारे म्हणून ते प्रथम ओळखले गेले. पुढे उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की ते मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या रुंदावते. रक्त जास्त येते आणि जास्त गाळले जाते. गाभण मादीतील रिलॅक्सिन निष्प्रभ केले, तेव्हा ही वाढ झाली नाही.

डुकरीण व कुत्रीतही ते असते. गाय व मेंढी मात्र ते तयार करीत नाहीत. तेव्हा उंदरांवरचा निष्कर्ष गोठ्याला जसाच्या तसा लावू नये.

स्त्रियांत ते तयार होते, आणि गरोदरपणी त्यांची गाळण सुमारे ५० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन उतरते. एरवी १ मिलिग्रॅम हा आकडा ठीक मानतात. गरोदर बाईच्या रिपोर्टात तोच आला, तर मूत्रपिंडाच्या बिघाडाची शंका घ्यावी. म्हणून रिपोर्ट दाखवताना, "दिवस गेलेल्या बाईसाठी हा आकडा ठीक आहे का?" असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. तोंडावर सूज आली, डोके सारखे दुखू लागले किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.