वजनामुळे न अडकणारा गळ : क्लाउझर फ्लाय घरी बांधताना

कोकणात खडपावर बसून गरवणाऱ्या कुणालाही विचारा. हातचा मासा सुटला हे माणूस एकवेळ विसरतो, पण दगडात अडकून तुटलेला गळ विसरत नाही. खोल जायचं तर वजन हवं, आणि वजन लावलं की गळ तळाशी जाऊन अडकतो. आज आपण जी फ्लाय पाहणार आहोत, तिच्यात हेच वजन गळाला अडकण्यापासून वाचवतं.

फ्लाय म्हणजे गळावर केस, पिसं, दोरा बांधून केलेलं खोटं आमिष. ही फ्लाय मूळची अमेरिकेतली. बॉब क्लाउझर यांनी १९८७ साली पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना नदीवर, स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी ती बांधली. लेफ्टी क्रे या नामवंत मासे गरवणाऱ्याने तिला ‘क्लाउझर डीप मिनो’ असं नाव दिलं आणि ती समुद्रावरही गाजवली. मिनो म्हणजे बारीक मासळी.

आता यातली गंमत समजून घेऊ. साधा गळ पाण्यात सोडला की त्याचा वाक आणि टोक खाली राहतं, कारण दांडीच्या मानाने वजन तिकडे जास्त. क्लाउझर फ्लायमध्ये डंबेलच्या आकाराचे, साधारण एक ग्रॅमचे धातूचे डोळे दांडीच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूला बांधतात. मग तीच बाजू जड होते, खाली जाते आणि टोक वर येतं. बुडात वजन असलेली डोलणारी बाहुली कशीही आडवी करा, ती उभीच राहते, तसंच हे. शिवाय वजन पुढे असल्याने दोरी ओढली की फ्लाय वर उठते आणि थांबलं की नाक खाली करून बुडते. घाबरलेली मासळी अशीच पळते.

बांधायला घेऊ. खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेस स्टीलचा गळ घ्या, काटा पकडीने दाबून टाका आणि गळ व्हाइसमध्ये टोक खाली ठेवून धरा. दांडीवर दोऱ्याचे वेढे द्या. नेढ्यापासून दांडीचा साधारण एक तृतीयांश भाग सोडून डोळे वरच्या अंगाला ठेवा. इंग्रजी आठच्या आकाराचे तिरके वेढे द्या, मग डोळ्यांखालून आडवे वेढे घेऊन आवळा आणि गोंदाचा थेंब सोडा. डोळे बोटाने हलत असतील तर पुढे जाऊ नका.

आता पांढऱ्या केसांची बट डोळ्यांच्या पुढे बांधा, दोन डोळ्यांमधल्या खाचेतून मागे न्या आणि डोळ्यांच्या मागेही बांधा. हे झालं पोट. गळ उलटा करा. थोडे चमकते धागे आणि त्यावर हिरवट-पिवळ्या केसांची बट फक्त डोळ्यांच्या पुढे बांधा, मागे बांधू नका. ही झाली पाठ. तिच्यात गळाचं टोकही झाकलं जातं. एकूण लांबी दांडीच्या तिप्पट ठेवा, आणि पुढचं डोकं दोऱ्याने गुंडाळून गाठ मारा.

सगळे चुकतात ते केसांच्या बाबतीत. आमचंही तेच झालं. पहिली फ्लाय आम्ही चांगली गुबगुबीत बांधली. ती दिसायला छान, पण पाण्यात बुडेचना. दाबून धरल्यावर बट काडेपेटीतल्या काडीएवढी जाड भरली की पुरे. हातात विरळ वाटणारी फ्लायच पाण्यात मासळीसारखी दिसते.

मूळ कृतीत अमेरिकेतल्या हरणाच्या शेपटीचे केस असतात. आपल्याकडे चितळ, सांबर यांचे केस वापरण्याचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. बकरीचे लांब केस किंवा कृत्रिम धागे उत्तम चालतात.

डोळ्यांचंही तसंच. सुरुवातीचे डोळे शिशाचे होते, आणि शिसं विषारी. पाण्यात पडलेली शिशाची वजनं गिळून हंस मरतात, म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ पासूनच गळाच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. घरात, जेवणाच्या टेबलावर, मुलांच्या हाताशी शिसं नकोच. पितळेचे डोळे घ्या.

एक धोका फेकतानाचा. हलक्या फ्लायच्या सवयीने झटका दिलात तर ही जड फ्लाय डोक्यामागे आदळते. दोरीचा फास रुंद ठेवा. टोपी आणि चष्मा हवाच.

आणि खाडीवर जाण्याआधी फ्लाय बारीक दोरीला बांधून पाण्याच्या बादलीत सोडून बघा. टोक वर राहिलं तर काम जमलं. आडवी पडली, तर डोळे एका बाजूला सरकलेत. दोरा सोडवा आणि पुन्हा बांधा. खडपात गळ गमावण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.